नऊ वर्षं अभिरक्षक आहे. आता संचालकपद घ्यावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कला-इतिहासात पीएच.डी., मग नऊ वर्षं लघुचित्रांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयात त्या विभागाचे अभिरक्षक, म्हणजे संग्रह सांभाळणारे आणि अभ्यासणारे क्युरेटर, आणि आता संग्रहालयाच्या मंडळाने संचालकपदासाठी विचारलं आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. संशोधन बंद पडेल का? आधी व्यवस्थापनाची पदवी घ्यावी का? आणि पैसे मागायची सवय नसलेल्या माणसाने ही जबाबदारी घ्यावी का?

मी एकवीस वर्षं अभिरक्षक होते आणि पुढे अकरा वर्षं संचालक. मला तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो. वस्तू बघून तिचा काळ, घराणं, कलाकाराचा हात ओळखायची जी नजर तुम्ही इतक्या वर्षांत कमावली, तिचं त्या खुर्चीत काय होणार? ती वाया जाणार असेल, तर पदवी घेऊन आणि देणगीदार जोडूनही तुम्हाला तिथे चैन पडणार नाही. म्हणून आधी त्याबद्दल लिहिते. बाकीची उत्तरं त्यातून बरीचशी निघतील.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि तुमच्या प्रश्नात त्या आलेल्या नाहीत. संग्रहालय सरकारी आहे, विद्यापीठाचं आहे की न्यासाचं? सरकारी ठिकाणी पात्रता, वय, बढती हे नियमांनी ठरतं आणि पैशाची चिंता वेगळ्या प्रकारची असते. न्यासाच्या ठिकाणी मोकळीक जास्त, आणि पगाराचे पैसे कुठून येणार ही काळजीही जास्त. माणसं किती आहेत? बारा जणांच्या संग्रहालयात संचालक स्वतः काचपेटीची किल्ली फिरवतो, तीनशे जणांच्या संग्रहालयात त्याला ती किल्ली कुठे असते हेही ठाऊक नसतं. मी सांगते ते मध्यम आकाराच्या, न्यासाच्या संग्रहालयातल्या अनुभवावरून. तुमचं ठिकाण वेगळं असेल तर तेवढी वजावट करून वाचा.

पहिल्या महिन्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे कामाचं स्वरूप लक्षात येईल. मी रुजू झाले तेव्हा नव्या दालनाचं उद्घाटन दोन महिन्यांवर होतं, निमंत्रणपत्रिका छापायला गेल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात वस्त्रांच्या कोठाराच्या छताला ओल दिसली. हाताशी असलेल्या पैशांत दालन तरी पूर्ण झालं असतं, नाहीतर छत तरी दुरुस्त झालं असतं. मी छत निवडलं. उद्घाटन पुढे ढकललं, मंडळ नाराज झालं, ती नाराजी वर्षभर जाणवत राहिली. आता यात कला-इतिहासाचा संबंध काय, असं वाटेल. संबंध असा, की त्या कोठारात कोणत्या पेटीत काय आहे हे मला पाठ होतं. लोहयुक्त रंगबंधक, म्हणजे कापडावर रंग पक्का बसवणारं द्रव्य, वापरून काळी केलेली सुती-रेशमी वस्त्रं मुळातच आतून कमकुवत झालेली असतात, त्यांना दमटपणा अजिबात सोसत नाही. कुठल्या सहा पेट्या त्याच संध्याकाळी हलवायच्या हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. इमारतीचा अभियंता म्हणाला, ‘पावसाळ्यानंतर बघू.’ त्याच्या दृष्टीने ती नुसती ओल होती. अशा वेळी वस्तूंची भाषा जाणणारं माणूस संचालकाच्या जागी असेल तर फरक पडतो.

आता संशोधन. तुम्ही आज करता त्या प्रकारचं संशोधन, म्हणजे एका चित्रमालेवर तीन वर्षं बसणं, ते थांबेल. यात मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. पहिली दोन वर्षं तर सलग दोन तास मिळणंही दुर्मीळ. पण संशोधन थांबणं वेगळं आणि नजर बोथट होणं वेगळं. पहिलं बरंचसं अटळ आहे, दुसरं टाळता येतं.

मोतीचंद्रांचं उदाहरण घ्या. मुंबईच्या तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, ते आधी कलाविभागाचे अभिरक्षक झाले आणि मग दीर्घकाळ संचालक राहिले. प्राचीन व्यापारी मार्ग, वेशभूषा, पश्चिम भारतातली जैन लघुचित्रं, इतक्या वेगवेगळ्या विषयांवर त्यांनी लिहिलं. हे विषय वरवर एकमेकांपासून दूर वाटतात. पण संग्रहालयात रोज वावरणाऱ्याला त्यांतला धागा दिसतो. चित्रातला माणूस कुठलं वस्त्र नेसला आहे, ते कापड कुठून आलं, कुठल्या रस्त्याने आलं, असे प्रश्न वस्तू समोर असली की आपोआप सुचतात. पुस्तकातून सुचणाऱ्या प्रश्नांपेक्षा ते वेगळे असतात.

दुसरं उदाहरण चार्ल्स ईस्टलेक यांचं. लंडनच्या नॅशनल गॅलरीचे ते पहिले संचालक, १८५५ पासून. दर वर्षी ते इटलीला जात, चर्चमधली आणि घराघरांतली चित्रं बघत, वह्या भरत. चित्र कुणाचं एवढंच त्या वह्यांत नाही. कुठे रंग उडाला आहे, कुठे दुरुस्ती झाली आहे, कुठे कुणी नंतर ब्रश फिरवला आहे, हेही टिपलेलं आहे. त्या प्रवासांतून त्यांनी शंभराहून जास्त चित्रं मिळवली, आणि १८६५ मध्ये इटलीतच, पिसा इथे त्यांचं निधन झालं. ती चित्रं बघणं, तोलणं, टिपणं हेच त्यांचं संशोधन होतं आणि तेच संचालकपदाचं कामही होतं.

मी स्वतः काय केलं ते सांगते. दर गुरुवारी सकाळी साडेआठ ते अकरा मी कोठारात असे. दूरध्वनी बाहेर ठेवायचा, एक खण काढायचा, त्यातली प्रत्येक वस्तू नोंदवहीशी ताडून बघायची. पहिल्या वर्षी हे वेळापत्रक निम्म्या वेळा मोडलं. मग मी मंडळाच्या बैठकीत ते अधिकृतपणे मंजूर करून घेतलं आणि मोडायचं प्रमाण कमी झालं. अकरा वर्षांत माझ्या नावावर एकच मोठी सूची, म्हणजे संग्रहातल्या वस्तूंचा अभ्यासपूर्ण कॅटलॉग, आली आणि सहा-सात लेख. अभिरक्षक असते तर याच्या तिप्पट झालं असतं. त्याची हळहळ मला अजूनही आहे. पण त्या गुरुवारांमुळे इतर चार सहकाऱ्यांच्या सूच्या छापून झाल्या, कारण त्यांना कशासाठी वेळ लागतो आणि कशासाठी छायाचित्रकार लागतो हे मला कळत होतं. जिला हे कळत नाही ती संचालक ‘सूचीला इतकी वर्षं कशाला?’ असं विचारते आणि पैसे दुसरीकडे वळवते.

यापुढची गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. कला-इतिहासकार संचालक झाला की त्याच्या नजरेला धोका असतो तो अधिकाराचा. अभिरक्षक असताना तुम्ही म्हणता, ‘हे चित्र अमुक चित्रशाळेतलं असावं,’ आणि चार जण तुम्हाला विरोध करतात. संचालक झाल्यावर तेच वाक्य बोललात, की खोलीत माना डोलतात. तुमचं ज्ञान तेवढंच असतं, फक्त ते तपासून घ्यायची सोय नाहीशी झालेली असते.

याचे दाखले फार मोठ्या माणसांचे आहेत. विल्हेल्म फोन बोडं हे बर्लिनच्या संग्रहालयांचे सर्वेसर्वा, त्यांच्या काळातल्या सर्वोत्तम जाणकारांपैकी एक. १९०९ मध्ये त्यांनी फ्लोरा देवतेचा मेणाचा अर्धपुतळा लिओनार्दो दा विंचीचा म्हणून घेतला. तो रिचर्ड कॉकल लूकस या १९व्या शतकातल्या इंग्रज शिल्पकाराने केला आहे, असं लूकसचा मुलगा सांगत होता. पुतळ्याच्या आत जुन्या कापडाचे तुकडेही सापडले. बोडं शेवटपर्यंत मागे हटले नाहीत. २०२१ मध्ये फ्रेंच संशोधकांनी मेणाचं रेडिओकार्बन कालमापन प्रसिद्ध केलं आणि ते १९व्या शतकातलंच ठरलं.

आब्राहाम ब्रेडियस यांची गोष्ट मला जास्त चटका लावते. नेदरलँड्समधल्या हेगच्या माउरित्सहाउस या संग्रहालयाचे ते वीस वर्षं संचालक होते. डच चित्रकारांविषयीची जुनी कागदपत्रं दप्तरखान्यांतून त्यांनी इतक्या चिकाटीने शोधली, की त्यांच्या नोंदी आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. अशा माणसाने १९३७ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, एम्माउसच्या भोजनाचं, म्हणजे बायबलमधल्या एका प्रसंगाचं, चित्र १७व्या शतकातला डच चित्रकार फर्मीर याची श्रेष्ठ कलाकृती म्हणून जाहीर केलं आणि ते रॉटरडॅमच्या बोयमान्स संग्रहालयात गेलं. ते हान फान मेगेरेनचं बनावट चित्र होतं. १९४५ मध्ये त्याने स्वतः कबुली दिली, आणि रंगात फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचं कृत्रिम राळ सापडलं, जे फर्मीरच्या काळात असणं शक्यच नव्हतं. फर्मीरने तरुणपणी धार्मिक विषयांवर आणखी चित्रं काढली असली पाहिजेत, असा तर्क तेव्हा अभ्यासकांत होता. चित्र नेमकं त्या तर्कात बसणारं होतं. जे सापडावं असं आपल्याला मनापासून वाटतं, ते सापडलं की आपली तपासणी सैल पडते.

केनेथ क्लार्क तिशीत नॅशनल गॅलरीचे संचालक झाले. १९३७ मध्ये त्यांनी आपल्या तज्ज्ञ सहकाऱ्यांचा सल्ला डावलून चार छोटी चित्रं ज्योर्ज्योने या थोर इटालियन चित्रकाराची म्हणून घ्यायला लावली. ती आज आंद्रेआ प्रेव्हिताली या दुय्यम चित्रकाराच्या नावावर आहेत. याच क्लार्कनी युद्धकाळात संग्रह वेल्समधल्या मॅनॉडच्या स्लेट-खाणीत सुरक्षित हलवला आणि रिकाम्या पडलेल्या इमारतीत महिन्याला एक चित्र परत आणून लोकांना दाखवलं. बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत एका चित्रासाठी लोक रांगा लावत. म्हणजे ते वाईट संचालक होते असं कुणी म्हणू शकणार नाही. स्वतःच्या आवडत्या विषयात त्यांनी सहकाऱ्यांचं ऐकलं नाही, एवढंच.

माझ्याही हातून असं झालं आहे. माझ्या अभ्यासाच्या विषयातलंच एक पान खरेदीसाठी आलं होतं. मी ते प्रचलित मतापेक्षा पन्नास वर्षं आधीचं ठरवलं, आणि खरेदीसमितीसमोर तसं ठामपणे मांडलं. आमच्या जतन-प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलीने मागच्या कागदातला जलचिन्हाचा (वॉटरमार्कचा) तुकडा उजेडावर धरून बघितला. ते जलचिन्ह माझ्या तारखेनंतरच्या कागदावरचं होतं. मागचा कागद नंतर चिकटवलेला असू शकतो, हा युक्तिवाद माझ्या ओठांवर आला होता. मग लक्षात आलं, की हेच दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्याकडे पुरावा मागितला असता. पान आम्ही घेतलं, पण नंतरच्या काळाचं म्हणून, आणि कमी किमतीत. त्या मुलीला बोलायला दोन दिवस लागले, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. ते दोन दिवस मला जास्त लागले.

त्यानंतर मी एक नियम केला आणि शेवटपर्यंत पाळला. माझ्या विषयातल्या वस्तूवर समितीत मी सर्वांत शेवटी बोलायचं, आणि माझं मत आधी लेखी बंद पाकिटात द्यायचं. तुमचा विषय लघुचित्रं आहे आणि संग्रहालयही लघुचित्रांसाठीच ओळखलं जातं, म्हणून तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून लागेल.

आता कागदपत्रं. वस्तू खरी असणं एवढ्याने भागत नाही, ती आपल्यापर्यंत कशी आली हेही खरं असावं लागतं. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानच्या मंदिरातली चोळकालीन नटराजमूर्ती ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याकडून ५० लाख अमेरिकन डॉलरला घेतली. मूर्ती अस्सलच होती, तिच्याविषयी कलेच्या दृष्टीने शंका घ्यायला जागाच नव्हती. मालकीची कागदं मात्र बनावट होती. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने कित्येक वर्षांपूर्वी मंदिरात घेतलेली छायाचित्रं उपलब्ध होती आणि त्यांत ती मूर्ती दिसत होती. २०१४ मध्ये ती भारताला परत मिळाली. ते जुनं छायाचित्र खरेदीच्या आधी कुणी शोधलं असतं तर? छायाचित्रसंग्रहात बसून एक-एक पट्टी बघत जाणं हे कला-इतिहासकाराचंच काम आहे. वकील कागदाचा मजकूर वाचतो. मूर्तीच्या पायथ्याची तुटलेली खुंटी, प्रभावळीवरची नेमकी खोच छायाचित्राशी जुळवणारी नजर तुमची असते.

सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा १९७० चा युनेस्कोचा करार हा आता बहुतेक संग्रहालयांनी मानलेला टप्पा आहे. त्यानंतर वस्तू मूळ देशातून बाहेर गेली असेल, तर ती कायदेशीरपणे गेली याचा पुरावा मागायचा. मला एकदा एका सभ्य कुटुंबाने कांस्यमूर्ती दान देऊ केली. सोबत खरेदीचं पत्र होतं, १९७० च्या आधीच्या तारखेचं. पत्रावर छापलेला दूरध्वनी क्रमांक ज्या पद्धतीचा होता, ती पद्धत त्या तारखेनंतर कित्येक वर्षांनी सुरू झालेली होती. मी मूर्ती स्वीकारली नाही. मंडळातल्या दोघांना ते फुकटचं सोनं नाकारल्यासारखं वाटलं. कुटुंबाचा हेतू वाईट नव्हता असं मला आजही वाटतं. त्यांनाही कुणीतरी ते पत्र मूर्तीबरोबर दिलं असणार. पण नाकारताना काय पाहिलं आणि का नाकारलं, हे मी तारखेसह लिहून ठेवलं. दान नाकारण्याची फाइल दान स्वीकारण्याच्या फाइलीइतकीच जाड असायला हवी.

आणि नोंदवही. याविषयी मी सहकाऱ्यांना इतक्या वेळा सांगितलं आहे, की ते आता मला बघितलं की तोच विषय काढतात. ब्रिटिश म्युझियमकडे सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि त्यांतल्या साधारण एक टक्का दालनांत दिसतात. ऑगस्ट २०२३ मध्ये बाहेर आलं, की कोठारातल्या सुमारे २,००० वस्तू हरवल्या, चोरीला गेल्या किंवा खराब झाल्या आहेत. त्यांत कोरीव रत्नं, दागिने अशा लहान वस्तू होत्या, आणि बऱ्याच वस्तूंची नीट नोंदच झालेली नव्हती. २०२१ मध्ये एका जाणकार व्यापाऱ्याने संग्रहालयाला सावध केलं होतं. त्या इशाऱ्याची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही, हे मान्य करून संचालक हार्टविग फिशर यांनी राजीनामा दिला. तेही कला-इतिहासकारच. पुढे संग्रहालयाने २४ लाख नोंदी ऑनलाइन आणायचा किंवा सुधारायचा पाच वर्षांचा कार्यक्रम जाहीर केला. हे काम आधी कुणाला सुचलं नसेल असं नाही. नोंदणीच्या कामाचं उद्घाटन करता येत नाही, त्याला फीत कापता येत नाही, म्हणून ते दर वर्षी पुढच्या वर्षावर जातं.

याच्या उलट उदाहरण रोज व्हालां या फ्रेंच महिलेचं. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसच्या ज्यू द पॉम संग्रहालयात नाझी अधिकारी लुटीतली चित्रं गोळा करत होते, आणि ही कला-इतिहासकार चार वर्षं, आपल्याला जर्मन कळत नाही असं भासवत, कोणतं चित्र कुठल्या ठिकाणी रवाना झालं हे गुपचूप टिपत होती. तिच्या टिपणांमुळे युद्धानंतर हजारो कलाकृती सापडल्या. चित्र काय, कुणाचं, केव्हा, कुठे गेलं, या चार रकान्यांची ताकद एवढी आहे.

व्यवस्थापनाच्या पदवीबद्दल थोडक्यात. मला ती आवश्यक वाटत नाही. ताळेबंद वाचता येणं, निविदेची प्रक्रिया समजणं, नोकरीचे नियम आणि विम्याचा करार कळणं हे आवश्यक वाटतं, आणि ते आपल्याच लेखापालाबरोबर सहा महिने दर आठवड्याला एक तास बसून शिकता येतं. मी तसंच शिकले. पॉल सॅक्स हे गोल्डमन सॅक्समधली भागीदारी सोडून हार्वर्डच्या फॉग संग्रहालयात आले आणि १९२० च्या दशकापासून त्यांनी संग्रहालयाच्या कामाचा एक अभ्यासक्रम चालवला. अमेरिकेतल्या संग्रहालयांचे कितीतरी संचालक त्यातून तयार झाले. हा माणूस बँकेतून आलेला, आणि तरी विद्यार्थ्यांना आधी वस्तू हातात घ्यायला लावत असे. पैशाचं गणित त्यांनाही शिकवलं, पण वस्तू ओळखणाऱ्या माणसांना शिकवलं. हा क्रम मला बरोबर वाटतो.

पैसे मागायचं म्हणाल, तर तुम्हाला वाटतं तितकं ते अवघड नाही. देणगीदाराला कोठारात न्या. एक खण उघडा. ते पान कुणी काढलं, निळ्या रंगाखाली आधीची रेघ कशी दिसते, आणि त्याच्या कडा का पिवळ्या पडू लागल्या आहेत हे सांगा. तुम्ही हे नऊ वर्षं करत आला आहात. अवघड असतं ते मिळालेल्या पैशाबरोबर येणाऱ्या अटींना नाही म्हणणं. एका देणगीदारांना त्यांनी दिलेलं लघुचित्र कायम दालनात हवं होतं. लघुचित्राला ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड चालत नाही, आणि तेवढ्या उजेडातही होणारी हानी साठत जाते, कधीच भरून येत नाही. म्हणून चित्र काही महिने दाखवून दीर्घकाळ अंधारात विश्रांतीला ठेवायचं असतं. मी त्यांना शेजारी-शेजारी दोन पानं दाखवली, एकाच संचातली. एक फ्रेम करून भिंतीवर राहिलेलं, एक बासनात राहिलेलं. त्यांनी अट मागे घेतली. हा आकडा त्यांना पत्रात लिहून कळवला असता तर ते दुखावले असते.

मंडळाशी संबंध बिघडले तर काय, ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असतेच. आल्फ्रेड बार न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे १९२९ मध्ये पहिले संचालक झाले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. १९४३ मध्ये विश्वस्तांच्या अध्यक्षांनी त्यांना त्या पदावरून दूर केलं. ते इमारत सोडून गेले नाहीत. ग्रंथालयात बसून लिहीत राहिले, पिकासो आणि मातीस यांच्यावरचे त्यांचे मोठे ग्रंथ त्यानंतरच्या वर्षांत आले, आणि १९४७ पासून वीस वर्षं ते त्याच संग्रहालयाच्या संग्रहांचे प्रमुख होते. पद गेलं तरी ज्या कामासाठी पद घेतलं ते त्यांनी सोडलं नाही. ईस्टलेक यांचंही तेच. संचालक होण्याआधी ते त्याच गॅलरीत कीपर, म्हणजे संग्रह सांभाळणारे अधिकारी, असताना १८४५ मध्ये होल्बाइन या १६व्या शतकातल्या जर्मन चित्रकाराचं म्हणून घेतलेलं एक चित्र होल्बाइनचं नाही असं उघड झालं, गदारोळ झाला, आणि १८४७ मध्ये त्यांनी ते पद सोडलं. आठ वर्षांनी त्यांनाच संचालक म्हणून बोलावण्यात आलं.

आणि अभिरक्षकच राहायचं ठरवलंत, तर त्यातही कमीपणा नाही. चांगली सूची संचालकाच्या तीन कारकिर्दींपेक्षा जास्त टिकते. तुमचं एखादं मोठं काम अर्धवट असेल, तर मंडळाकडे एक वर्ष मागा आणि ते पूर्ण करून मगच पद घ्या. ‘पदावर आल्यावर बघू’ म्हणून ठेवलेली माझी एक सूची अजून टिपणांच्या स्वरूपात आहे, आणि ती आता माझ्यानंतरची अभिरक्षक पूर्ण करते आहे.

होकार देण्याआधी मंडळाला चार गोष्टी दाखवायला सांगा. नोंदवही आणि प्रत्यक्ष वस्तू यांची शेवटची पडताळणी कधी झाली त्याचा अहवाल. विम्याचा करार, आणि त्यात कोठारातल्या वस्तू धरल्या आहेत की फक्त दालनातल्या. मंडळाच्या मागच्या तीन वर्षांच्या बैठकांचं इतिवृत्त, विशेषतः कुठले विषय दर वेळी पुढे ढकलले गेले. आणि कोठाराची किल्ली. शेवटची मागताना एक दिवस एकट्याने आत जाऊन छताकडे, कोपऱ्यांकडे आणि सगळ्यात खालच्या खणांकडे बघायचं आहे, असं स्पष्ट सांगा. लघुचित्रांचं कोठार तुम्हाला पाठ असेलच, पण मी म्हणते ते इतर विभागांच्या कोठारांबद्दल. त्या दिवशी काय दिसलं ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.